मलकापूरला ताप आलाय

दप्तरीमामा कॉम्प्युटरचा ताप बघायचे. तोही उलट्या हातानं, घरात लेकराचं कपाळ बघतात तसा. सकाळी ऑफिस भरून अर्धा-पाऊण तास झाला की त्यांची फेरी सुरू व्हायची. अंगात खाकी शर्ट, खिशात रंगाऱ्याचा एक इंची ब्रश, हातात भलंमोठं खोडरबर. प्रत्येक टेबलाखाली वाकून ते डब्याच्या कुशीला हाताची मागची बाजू टेकवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "मलकापूरला ताप आलाय. बंद कर जरा." मग झाकण उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं झाडायची, झाकण लावायचं, पुन्हा हात टेकवायचा. "हां. उतरला बघ आता."

मलकापूर म्हणजे माझा कॉम्प्युटर. कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या मुख्य ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. शाहूवाडीकडच्या मलकापुरातून आलेली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आणि त्या डिप्लोम्याचा गरजेपेक्षा जास्त तोरा असलेली. पहिल्याच दिवशी मामा एक मशीन उचलून घेऊन आले, माझ्या टेबलापाशी मांडलं आणि म्हणाले, "पोरी, गाव कुठलं?" मी सांगितलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करनं 'मलकापूर' लिहिलं आणि मशीनला चिकटवलं. मी म्हटलं, "मामा, माझं नाव लिहा की." त्यावर ते म्हणाले, "नाव कशाला? उद्या लगीन झालं की आडनाव बदलशील. गाव हाय तितंच ऱ्हातंय."

ही त्यांची पद्धत सगळ्यांनाच लागू होती. मशीनवर पहिल्यांदा जो बसेल त्याचं गाव मशीनला मिळायचं, आणि पुढं माणूस बदलला तरी गाव बदलत नसे. त्यामुळं ऑफिसात दिवसभर जी वाक्यं ऐकू यायची ती बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकायची. "गारगोटीचा पंखा काढून कागलला बसवलाय." "वारणानगर आज उठंनाच झालंय." एकदा बाहेरगावचे एक तपासणी अधिकारी चहा पीत बसले होते. मामा दारातून आत डोकावून म्हणाले, "सायेब, गडहिंग्लज गेलं बघा." अधिकारी कप खाली ठेवून ताडकन उभे राहिले.

त्यांचं नाव होतं दस्तगीर, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी फक्त एकदा ऐकली, त्यांच्या घरी. ऑफिसात ते दप्तरी म्हणून लागले होते. फायली शिवायच्या, रजिस्टरांना पुठ्ठे घालायचे, टाइपरायटर पुसायचे. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि पुसायचं काम आपसूक त्यांच्याकडंच राहिलं. हजेरीपटावरचं पद शेवटपर्यंत दप्तरीच होतं. गंमत अशी की मामांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता. कळफलकाला ते हात लावायचे तो फक्त ब्रश फिरवण्यापुरता. मी एकदा म्हटलं, "मामा, शिकवू का तुम्हाला?" त्यांनी मान हलवली. "तुमी आतनं बघता, मी भाईरनं बघतो. दोघांनी एकाच अंगानं बघून काय करायचं?"

बाहेरून बघण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीन सुरू होताना नुसतं बीप बीप करत बसलं की मी डिप्लोम्यातलं सगळं आठवत घाम पुसायची. मामा यायचे, आतली रॅमची पट्टी अलगद काढायचे, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवायचे, फुंकर मारायचे आणि परत बसवायचे. मशीन सुरू. कंपनीचे इंजिनिअर आले तरी मामा पाठीमागं हात बांधून उभे राहत आणि अदबीनं विचारत, "सायेब, आदी खोडरबर मारून बघू का?" दहापैकी सात वेळा तेवढ्यावर काम भागायचं, आणि इंजिनिअर चहा पिऊन परत जायचे.

व्हरांड्याच्या टोकाला त्यांचं स्टोअर होतं. लोखंडी रॅकवर बंद पडलेली मशीनं गावांच्या चिठ्ठ्यांसकट ओळीनं बसलेली. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत मापाप्रमाणं वेगळे केलेले स्क्रू. नव्या चपला-बुटांच्या खोक्यांत ओल शोषायच्या ज्या पांढऱ्या पुड्या येतात, त्या मामा अख्ख्या ऑफिसकडून गोळा करायचे आणि प्रत्येक डब्याशेजारी एक ठेवायचे. त्यावरही समाधान नव्हतं म्हणून कणगीत घालतात तसा कडुलिंबाचा पाला रॅकमध्ये अंथरायचे. एकदा तो पाला एका प्रिंटरच्या पोटात गेला आणि वार्षिक सभेच्या सूचनापत्रावर पानाची हिरवी नक्षी उमटली. साहेब भडकले. मामा कागद नाकाशी धरून म्हणाले, "वास बी चांगला येतोय की सायेब."

बंद मशीनं भंगारात का देत नाही, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मेलेलं काय नसतंय. त्यातलं काय ना काय दुसऱ्यात चालतंय." महापुराच्या वर्षी पाणी ऑफिसच्या पायरीला लागायच्या दोन दिवस आधीच मामांनी दुधाच्या क्रेटमधून स्टोअरमधली सगळी मशीनं दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. चालू मशीनं हलवायची आम्हाला नंतर सुचली. मी म्हटलं, "मामा, आधी चालणारी तरी न्यायची." ते म्हणाले, "चालणाऱ्यांस्नी तुमी हाईसा. ह्यांस्नी कोण हाय?"

आणि मशीनवर घालायची कापडी झाकणं. त्यांची बायको, जैनबमामी, घरी शिलाई मशीनवर ती शिवायची. तिचा भाऊ इचलकरंजीत मागावर होता. तिथलं उरलंसुरलं कापड यायचं, चौकटीचं, पट्ट्यापट्ट्यांचं. मामा खडूनं गावाचं नाव लिहून द्यायचे आणि मामी त्यावर लाल दोऱ्यानं टाके घालायची. तिला वाचता येत नव्हतं, पण 'गडहिंग्लज' तिच्याइतकं सुबक आमच्यात कुणी लिहीत नसेल. संध्याकाळी पावणेसहाला मामा झाकणं घेऊन फिरायचे. झाकण नुसतं भिरकावलेलं त्यांना चालायचं नाही. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं ज्याचं मशीन त्याच्या हातात. आणि कुणी निवृत्त झालं, किंवा एखादं मशीन कायमचं बंद पडून स्टोअरमध्ये निघालं, की शेवटचं झाकण ज्याचं त्यानंच घालायचं असा त्यांचा दंडक होता.

मला एकदा कामावर असताना खरोखरचा ताप भरला. डोकं टेबलावर टेकून बसले होते. मामांनी लांबूनच ओळखलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "मलकापूरला ताप आलाय." साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "मग बंद करून ठेवा." मामा म्हणाले, "मशीनला न्हवं सायेब, पोरीला." अर्ध्या तासात त्यांनी मला रत्नागिरी रोडनं मलकापूरकडं निघालेल्या दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसवलं, अंगावर एक चौकटीचं झाकण पांघरलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "दारात सोडायची, फाट्यावर न्हवं." तो धुतलेल्या कापडाचा वास मला आजही कुठूनतरी अचानक येतो आणि मग बराच वेळ कामात लक्ष लागत नाही.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, आडनाव बदललं, मशीन मलकापूरच राहिलं. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख झाले. मामा दर शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे, तेव्हा स्टोअरची किल्ली माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून जायचे. "बघ गं जरा," एवढंच म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ती किल्ली ठेवलेली मी कधी पाहिली नाही. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी बोलून दाखवला नाही.

मग नवी इमारत झाली. सगळ्यांना लॅपटॉप मिळाले. जुनी मशीनं एकामागून एक स्टोअरमध्ये गेली. माझं मशीन निघालं त्या दिवशी मामा झाकण घेऊन आले होते; मी मीटिंगला निघाले होते. म्हटलं, "तुम्हीच घाला मामा, मला उशीर होतोय." त्यांनी झाकणाची घडी घातली आणि काखेत धरली. "ऱ्हाऊ दे. सवडीनं घालू."

मामांच्या निवृत्तीचा महिना आणि स्टोअर रिकामं करायचा आदेश एकदमच आले. ई-कचरा नेणाऱ्यांशी बोलणं झालं होतं, यादी तयार होती, सही माझी व्हायची होती. मामांचा शेवटचा दिवस मंगळवारी होता. आदल्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. "मलकापूर, एक काम हाय. मंगळवारपातूर थांब. मंगळवारी सांजच्याला न्हेऊ देत सगळं." मला वाटलं, आपल्या डोळ्यांदेखत स्टोअर मोडलेलं त्यांना बघवणार नाही. मी म्हटलं, "थांबते की मामा. त्यात काय!" कारण मी विचारलं नाही.

शुक्रवारी मामा किल्ली ठेवून नमाजाला गेले आणि वीस मिनिटांत टेंपो दारात आला. गाडी आज याच भागात आहे, आज नाही तर महिन्यानं, असं टेंपोवाल्यांचं म्हणणं. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "आजच उरकून टाका की. मंगळवारी काय मुहूर्त आहे?" मी नाही म्हणू शकले असते. साहेब काही खाऊन टाकणार नव्हते. पण खरं सांगायचं तर मलाही ते काम हातावेगळं करायचं होतं. टेबलाच्या कोपऱ्यावरची किल्ली मी उचलली, स्टोअर उघडलं आणि यादीवर सही केली.

मामा परत आले तेव्हा डोक्यावर टोपी तशीच होती. दोन माणसं डबे टेंपोत भिरकावत होती. गडहिंग्लज आपटल्याचा आवाज झाला. मामा एवढंच म्हणाले, "फेकू नका रं. ठेवा." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं होतं भांडतील, निदान विचारतील. त्यांनी उरलेली मशीनं स्वतः एकेक करून टेंपोत नेली, एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे झाकणं घातली, आणि मग स्वतःही मागं चढून त्या डब्यांच्या मधे बसले. टेंपो गेटबाहेर पडला. डबे जिथं उतरवले तिथपर्यंत मामा सोबत गेले, आणि झाकणांचं गाठोडं घेऊन एसटीनं परत आले, हे मला वॉचमननं सांगितलं.

शनिवारी आणि सोमवारी मामांनी नेहमीसारखी फेरी मारली. लॅपटॉपनासुद्धा ते हात लावून बघायचे. माझ्या टेबलापाशी आले, लॅपटॉपच्या पाठीला उलटा हात टेकवला, डोळे मिटले. मी निकालाची वाट बघत होते. हात काढून घेऊन ते पुढच्या टेबलाकडं गेले.

मंगळवारी अकराच्या सुमारास माणसं यायला लागली. आधी गडहिंग्लजचे आप्पा, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, हातात झेंडूचा हार. मग गारगोटीच्या नलूताई, पिशवीत मामांसाठी लसणीची चटणी. मागून कागलचे, वारणानगरचे, अशी अकरा-बारा जुनी माणसं. दुधाच्या गाड्या गावोगाव जातात. मामांनी ड्रायव्हरांच्या तोंडी सांगावा धाडला होता की, मशीनं आता ऑफिसातनंच कायमची निघालीत, आपापलं शेवटचं झाकण घालून जावा. मंगळवार कशासाठी हवा होता ते मला तेव्हा कळलं.

मामांनी सगळ्यांना स्टोअरकडं नेलं आणि दार उघडलं. रिकामे रॅक, आणि तळाला वाळलेला कडुलिंबाचा पाला. आप्पा हार हातात धरून बघत राहिले. "मामा, आमचं गडहिंग्लज कुठं हाय?"

मी दारातच उभी होते. मामा म्हणाले, "मीच घालवली. गंजाया लागलती. शुक्करवारी टेंपो आलता, म्हटलं जावा घिऊन."

"आनि मग आमाला कशाला बोलिवलासा?" नलूताई म्हणाल्या. "मी सकाळच्या गाडीनं उपाशी आलोय."

"भेटाया बोलिवलं," मामा म्हणाले. "मशीनं काय, डबडी."

आप्पांचा आवाज चढला. "डबडी? जल्मभर आमाला एक झाकण नीट टाकू दिलं न्हाईसा, आनि आता डबडी व्हय? चार दिस थांबाया काय झालंतं तुमाला?" मामा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. छोटंसंच होतं. ते मी गिळलं. आजूबाजूला माझ्या हाताखालची माणसं उभी होती, आणि मला माझी खुर्ची आठवली.

मग मामांनी गाठोडं सोडलं. मामीनं सगळी झाकणं धुऊन, इस्त्री करून दिली होती. ज्याचं त्याला देत मामा फिरले. नलूताईंनी आपल्या झाकणावरून हात फिरवला आणि त्यांचा राग गेला. आप्पा बराच वेळ घुश्शात राहिले, शेवटी "ह्यो हार काय परत न्यू व्हय?" म्हणत तो त्यांनी मामांच्या गळ्यात घातला. सगळे हसले. मामाही हसले. मी हसू शकले नाही.

संध्याकाळी मी त्यांच्यामागं गेटपर्यंत गेले. "मामा, असं का सांगितलंत त्यांना?"

"तुला हितं अजून वीस वर्सं काढायची हाईत. ह्याच मानसांच्यात. माझं काय, आज संपलं की."

"मग मी सांगू का खरं?"

"सांग की. सवडीनं सांग." त्यांनी पिशवीतून माझं झाकण काढून दिलं, चौकटीचं, लाल दोऱ्यातलं 'मलकापूर', आणि वर ती किल्ली ठेवली. "खोली रिकामी असली तरी झाडत जा. धूळ काय मानूस बघून बसत न्हाय."

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा चहा झाला, चौकशी झाली, आणि माफी मागायची राहिली. तिसऱ्यांदा गेले ती मामा गेल्यावर. आतून मामीचा "दस्तगीर, दस्तगीर" असा आवाज येत होता. नलूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आप्पा अंगणात उभे होते. मला बघून म्हणाले, "त्या दिशी लई बोललो मी त्येंस्नी. तेवढंच डोक्यातनं जाईना. मानूस लाखाचा हुता, खरं शेवटाला जरा घाई केली." मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आप्पांना कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही.

आता ऑफिसात मामांना ओळखणारे दोघं-तिघंच उरलेत. संध्याकाळी मी लॅपटॉपवर ते भलंमोठं झाकण चौघडी करून घालते; नवी पोरं हसतात. दुसरं टोक धरायला कुणी नसतं. सकाळी लॅपटॉप सुरू करून अर्ध्या तासानं माझा हात आपोआप उलटा होऊन त्याच्या पाठीला टेकतो. शुक्रवारी दुपारी नजर टेबलाच्या कोपऱ्याकडं जाते. मामा, तुमची फार आठवण येते, आणि तुमच्यासमोर मान वर करून उभं राहता येईल असा एक दिवस मला परत हवा असतो.

तो मिळायचा नाही. सवड मात्र आज काढली आहे. आप्पा, नलूताई, आणि त्या मंगळवारी लांबून आलेले सगळे, हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे. मामांनी घाई केली नव्हती. त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं, आणि मी थांबते म्हणाले होते. स्टोअर मी उघडलं. किल्ली त्यांनी विश्वासानं माझ्या टेबलावर ठेवली होती.